पंचगव्याचे पेले आणि भुकेच्या पाककृती

महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी पाणी प्राशन केले आणि पुढे सनातन्यांनी १०८ घागरी पंचगव्य ओतून ते तळे 'शुद्ध' केले, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. राज्यश्री गुडी (जन्म १९९०, पुणे) यांनी २०१७ साली त्या शुद्धीकरणालाच कलाविषय केले. १०८ पेले, त्यांत पंचगव्यमिश्रित पाणी. ते आटल्यावर काचेला चिकटून राहिलेला थर, आणि शीर्षक प्रश्नार्थक : पाण्याची जात कोणती? शुद्धीचे द्रव्य काचेवर डाग होऊन राहते. याहून नेमका पुरावा आम्हांस तरी सुचत नाही.

फर्ग्युसनमध्ये समाजशास्त्र व मँचेस्टरला दृश्य मानवशास्त्र शिकलेल्या या कलावतीस वस्तू साक्षीदारासारख्या उभ्या करता येतात. मनुस्मृतीच्या प्रती भिजवून त्यांनी लगदा केला. २५ डिसेंबर १९२७ च्या दहनाची ही नक्कल आहे, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते मान्य नाही. अग्नी क्षणात काम संपवितो; लगद्याला फाडणे, भिजविणे, मळणे असे हातांचे श्रम लागतात, आणि ज्यांच्या श्रमाला त्या ग्रंथाने हीन ठरविले त्यांच्याच श्रमाने अक्षरे विरतात.

आमचा खरा वाद आहे तो पाककृतींशी. 'जूठन'सारख्या आत्मकथनांतील अन्नाचे प्रसंग घेऊन गुडी त्यांना द्वितीय पुरुषी पाककृतीचे रूप देतात. 'मी' उपाशी होतो, याऐवजी 'तू' उष्टे गोळा कर, वाळव, उकड. युक्ती विलक्षण आहे : वाचणाऱ्यास दया दाखविण्याची सवडच उरत नाही, कारण हात त्याचेच खरकटे होतात. परंतु आत्मकथनातील 'मी' हा फार मोठ्या किमतीने मिळविलेला आहे. शिवाय या पाककृती मुख्यतः इंग्रजीत आहेत आणि त्यांचा वाचक बहुधा कलादालनातला. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरील तामलवाडीत 'अक्करमाशी' वाचणारा वाचक भेटेल. शरणकुमार लिंबाळ्यांचे हन्नूर याच सोलापूरच्या मुलखातले. त्याला 'तू' म्हणून सांगण्यासारखे या पाककृतींत काय आहे? तो 'तू' पूर्वीच होता. त्याच्यासमोर त्या मराठीत, वस्तीतल्या विहारात मोठ्याने वाचल्या गेल्या, तर कोण हसेल, कोण उठून जाईल, आणि कोणती आजी मीठ कमी पडले म्हणून दुरुस्ती सांगेल, हे ऐकावयास आम्ही उत्सुक आहोत.