नक्कल, कसब आणि कल्पना

यंत्राचे उत्पादन थांबले की त्याचे आयुष्य संपले, असे आपण सहसा धरून चालतो. व्हिडिओ गेमच्या जगात याला एक लक्षणीय अपवाद आहे. अमेरिकेतील अटारी कंपनीने १९७७ साली घरच्या टीव्हीला जोडायचे एक खेळयंत्र बाजारात आणले. पुढे ते ‘अटारी २६००’ या नावाने ओळखले जाऊ लागले. १९९२ च्या सुरुवातीला ते बंद झाले. पण त्यानंतरही अनेक हौशी मंडळी त्याच्यासाठी नवे खेळ लिहीत राहिली. कोणी सांगितले म्हणून नव्हे, पोटासाठीही नव्हे, तर केवळ आवडीने. घरच्या घरी तयार झालेल्या या खेळांना ‘होमब्रू’ म्हणतात.

या खेळांचे कौतुक पुष्कळ होते. पण हे कौतुक नेमके कशाचे? कष्टांचे, कसबाचे, की नव्या कल्पनेचे? या तीन गोष्टी एकच नव्हेत, असे आम्हांला वाटते. तीन खेळ समोर ठेवून हे तपासून पाहू.

यंत्राची तंगी

आधी यंत्र कसे आहे ते पाहायला हवे, नाहीतर खेळांचे मोल कळणार नाही. अटारी २६०० ची कामचलाऊ स्मृती अवघी १२८ बाइटांची. एका इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो असे धरले, तर छापील दोन ओळींचा मजकूरही त्यात जेमतेम मावेल. खेळाची आज्ञावली ज्या कार्ट्रिजमध्ये असते, त्यातील ४०९६ बाइट एवढेच हे यंत्र काही खास युक्ती न करता वाचू शकते.

खरी अडचण वेगळीच आहे. पडद्यावरचे संपूर्ण चित्र साठवून ठेवायला या यंत्रात जागाच नाही. जुन्या टीव्हीच्या चित्रनळीत इलेक्ट्रॉनांची शलाका पडद्यावर एकाखाली एक आडव्या रेषा काढत जाते. दर रेषेवर काय दिसायला हवे, हे आज्ञावलीने ती रेषा काढली जात असतानाच सांगायचे असते. एका रेषेच्या वेळात यंत्राच्या घड्याळाचे ७६ ठोके पडतात आणि कोणतीही आज्ञा पाळायला किमान दोन ठोके लागतात. म्हणजे फार तर ३८ आज्ञा. प्रत्यक्षात त्याहून कमीच, कारण बऱ्याच आज्ञांना तीन, चार किंवा त्याहून अधिक ठोके लागतात. फळ्यावर कोणीतरी डावीकडून उजवीकडे पुसत चालले आहे आणि त्याच्या हाताच्या पुढे राहून आपण चित्र काढतो आहोत, अशी कल्पना करा. अटारीचा खेळ लिहिणे म्हणजे साधारण असेच काहीतरी.

पहिला खेळ : नक्कल, पण कशी?

१९९५ साली एड फेडरमायर यांनी ‘एडट्रिस २६००’ हा खेळ लिहिला. नावावरूनच कळते की हा अलेक्सी पाजित्नोव यांचा प्रसिद्ध ‘टेट्रिस’. वरून पडणारे ठोकळे फिरवून रचायचे, ओळ भरली की ती नाहीशी होते. खेळ म्हणून यात नवे काही नाही.

आता थोडे गणित करू. टेट्रिसचा प्रचलित पट १० घरे रुंद व २० घरे उंच, म्हणजे २०० घरांचा. प्रत्येक घरासाठी एक बाइट राखला तर २०० बाइट लागतील आणि आपल्याजवळ आहेत १२८! पण घर भरलेले आहे की रिकामे, एवढे सांगायला एक बिट पुरतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून २०० घरांना २५ बाइट पुरतात. प्रश्न सुटला, मात्र त्या एका बिटात ठोकळ्याचा रंग लक्षात ठेवता येत नाही. काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे असे पावलोपावली ठरवावे लागते. म्हणून अशा खेळाला ‘नुसती नक्कल’ म्हणणे अन्यायाचे होईल. कल्पना उसनी असली तरी ती या यंत्रावर उतरवण्याचा मार्ग स्वतःच शोधावा लागतो.

दुसरा खेळ : भाषांतर

एड फ्राइज हे मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या खेळविभागाचे माजी प्रमुख. त्यांच्या कारकिर्दीत, २००१ साली, ‘हेलो’ हा त्रिमितीय चित्रांचा गाजलेला खेळ आला. त्याच फ्राइज यांनी २०१० साली ‘हेलो २६००’ लिहिला, तोही ४०९६ बाइटांत. मूळ खेळातली खोली, प्रकाश, संवाद सगळे गेले. उरला तो हिरव्या चिलखतातला वीर, त्याचे शत्रू आणि एकामागून एक येणारे पडदे. २०१३ साली स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियमने हा खेळ आपल्या संग्रहात घेतला.

सार ओळखून बाकीचे टाकून देणे ही मोठी कला आहे आणि ती येथे दिसते. तरीही आमचे मत थोडे वेगळे आहे. ‘एवढे सगळे एवढ्याशा जागेत!’ हे आश्चर्य ओसरल्यावर हातात राहतो तो पडद्यामागून पडदे ओलांडत जाण्याचा जुना प्रकार. तो याच यंत्रावर वॉरन रॉबिनेट यांच्या ‘ॲडव्हेंचर’ या खेळाने फार पूर्वीच रूढ केला होता. मूळ ‘हेलो’ ज्याने पाहिलेला नाही, त्याला यातली निम्मी गंमत कळणारही नाही.

तिसरा खेळ : तंगीतून उगवलेली कल्पना

त्याच वर्षी, २०१० मध्ये, इयन बोगोस्ट यांचा ‘अ स्लो इयर’ आला. नावाचा अर्थ ‘एक संथ वर्ष’. चार ऋतूंचे चार छोटे खेळ. हाणामारी नाही, धावपळ नाही. शिशिरात कॉफीचा पेला आहे, शरदात गळणारे पान आहे. खेळणाऱ्याने पाहायचे, थांबायचे आणि योग्य क्षणी हलकेच हालचाल करायची.

अटारीच्या पडद्यावर बारीक तपशील दाखवता येत नाही. रंगांचे मोठे, ठोकळेबाज आकार तेवढे दिसतात. पहिल्या दोन खेळांत या उणिवेवर मात करण्याची धडपड आहे. येथे ती उणीवच कामाला लावली आहे. पडद्यावर थोडेच आहे, म्हणून त्या थोड्याकडे नीट पाहावे लागते. दोषही सांगितला पाहिजे : काय करायचे ते खेळ स्वतःहून फारसे सांगत नाही आणि अधीर माणूस दोन मिनिटांत यंत्र बंद करील. पण या यंत्राने खेळायचा एक निराळा मार्ग त्याने दाखवला, हे नाकारता येत नाही.

मग श्रेष्ठ कोणता?

हौशी मंडळींत ‘हे कसे जमवले?’ या प्रश्नाला फार मान आहे. तो असावाच. पण ‘हे कशासाठी केले?’ हा प्रश्न त्यापुढे झाकला जातो. आर्केडमधील जुने खेळ हुबेहूब उतरवण्यात कसब वाढते. सगळे कसब तिथेच खर्च झाले तर नव्या कल्पनेला हात उरत नाहीत. दुसऱ्या बाजूने, कसबाशिवाय कल्पना हवेतच राहते. बोगोस्ट यांनाही त्या ७६ ठोक्यांचा हिशेब चुकला नव्हता. म्हणून आम्ही तिसऱ्या खेळाला वरचे स्थान देतो, पण पहिल्याला पायरी मानून. कचरा मानून नव्हे.

शिक्षकांना याचा उपयोग रोजच्या कामात आहे. विद्यार्थ्याने पुस्तकातला प्रयोग करून आणला, तर ‘नक्कल’ असा शेरा मारण्यापूर्वी त्याला विचारावे : साहित्य कमी पडले तेव्हा तू काय केलेस? काय सोडून दिलेस? का? उत्तरे असतील तर त्या नक्कलेत शोध आहे. आणि फार सुबक काम करणाऱ्यालाही एक प्रश्न विचारावा : आता याच साहित्यातून, कोणी केले नाही असे काय करशील? वरच्या इयत्तांना २०० घरे आणि १२८ बाइटांचे गणित घालून पाहावे. घरे तीन रंगांची असू शकतात असे धरले, तर प्रत्येक घराला किती बिट लागतील? (रिकामे घर ही चौथी अवस्था आहे, हे विसरू नये.) एकूण बाइट किती होतील आणि उरलेल्या जागेत काय काय बसवता येईल? यावर वर्गात वाद झाला, तर तो होऊ द्यावा.