फेरनिर्णयाचा आदेश आणि अपंगत्व-लाभाचा न्याय : एक चिकित्सा

प्रस्तावना :
अमेरिकेच्या १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात १९५६ मध्ये अपंगत्व-लाभाची तरतूद समाविष्ट झाली. किमान बारा महिने टिकणाऱ्या अथवा मृत्यू ओढवू शकणाऱ्या विकारामुळे कोणतेही भरीव अर्थार्जन अशक्य झालेली व्यक्ती या कायद्यानुसार अपंग ठरते. लाभ नाकारला गेल्यास फेरविचार, प्रशासकीय न्यायाधीशासमोरील सुनावणी व अपील परिषद हे टप्पे ओलांडून अर्जदार संघीय जिल्हा न्यायालयात पोहोचतो. तेथे जिंकणाऱ्या अर्जदाराच्या हाती बहुधा लाभ नव्हे, तर 'रिमांड' म्हणजे प्रकरण फेरनिर्णयासाठी परत पाठविण्याचा आदेश पडतो. या आदेशाच्या मर्यादांची चिकित्सा येथे केली आहे.

कायदेशीर चौकट :
कलम २०५ (जी) मधील चौथ्या वाक्यानुसार न्यायालय मूळ निर्णय कायम करू शकते, बदलू शकते किंवा रद्द करू शकते. प्रकरण परत पाठवून अथवा न पाठवताही. सहाव्या वाक्यानुसार, पूर्वी सादर न होण्यास सबळ कारण असलेला नवा व महत्त्वाचा पुरावा पुढे आल्यास, गुणदोषांवर निर्णय न देता प्रकरण परत जाते. १९९१ च्या मेल्कोन्यान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेरपाठवणीचे हे दोनच प्रकार मान्य केले.

चिकित्सा :
न्यायालय पुराव्याचे नव्याने मोजमाप करीत नाही. निर्णयाला पुरेसा ठोस आधार आहे काय, एवढेच पाहते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे मत का डावलले, याची कारणे आदेशात नसतील तर आदेश टिकत नाही. प्रशासनाचा आदेश त्याने स्वतः दिलेल्या कारणांवरच तपासावा, हे १९४३ च्या चेनरी खटल्यातील तत्त्व येथे अर्जदाराचे रक्षण करते. वकिलाला न्यायालयात उभे राहून नवी कारणे जोडता येत नाहीत. परंतु प्रकरण परत गेल्यावर तीच कारणे प्रशासन स्वतःच्या आदेशात लिहू शकते. त्यामुळे फेरपाठवणीने आदेशातील युक्तिवाद दुरुस्त होतो. निष्कर्ष बदलेलच असे नाही.

१९९३ च्या शाफर खटल्यानुसार चौथ्या वाक्याखाली प्रकरण परत पाठविले गेले, की अर्जदार 'विजयी पक्ष' ठरतो. वकिलाच्या शुल्काच्या दृष्टीने हा विजय खरा असतो. घरखर्चाच्या दृष्टीने मात्र तो कागदावरच राहतो. पुढे लाभ मंजूर झाल्यास थकबाकी मिळते, हे खरे. तथापि उशिरा आलेली रक्कम दरम्यानच्या काळात थकलेले भाडे किंवा राहून गेलेला उपचार भरून काढत नाही.

नवव्या सर्किट न्यायालयाने २०१४ च्या गॅरिसन खटल्यात वेगळी वाट दाखविली. नोंदी पूर्ण असतील, पुरावा नाकारण्यास कायदेशीर कारण नसेल आणि तो खरा मानल्यास अर्जदार अपंगच ठरत असेल, तर लाभ देण्याचाच आदेश करता येतो.

निष्कर्ष :
वैद्यकीय तथ्यांचा निर्णय प्रशासनाने करावा, ही भूमिका तत्त्वतः योग्य आहे. मात्र तोच दोष दुसऱ्यांदा आढळल्यास प्रकरण पुन्हा परत पाठविणे म्हणजे प्रशासनाच्या चुकीचा भार आजारी व्यक्तीवर टाकणे होय. 'परत न पाठवता' निर्णय रद्द करण्याचा अधिकार कायद्याच्या शब्दांतच आहे. अशा प्रसंगी न्यायालयांनी तो वापरणे न्यायोचित ठरेल.