'सोसणे' आणि 'सोडणे' : 'स्मृतिचित्रे'तील क्षमेचे स्वरूप

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राची चर्चा निघाली की दोन गुणांचा उल्लेख सहसा राहत नाही : एक विनोद आणि दुसरा सोशिकपणा. पहिल्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. दुसरा शब्द मात्र तपासून घ्यावा असा आहे. 'सोशिक' म्हटले की एका ठराविक वळणाची गृहिणी डोळ्यांपुढे उभी राहते. पतीचा लहरीपणा, त्याने न सांगता केलेले धर्मांतर, त्यापायी वाट्यास आलेला चार-पाच वर्षांचा वियोग, हे सारे तिने पोटात घातले आणि अखेर ती त्याच्याच वाटेने गेली, असा मग या ग्रंथाचा सारांश होतो. त्यातील क्षमा ही पातिव्रत्याची एक शाखा ठरते आणि ख्रिस्ती श्रद्धेशी तिचा संबंध नाममात्र उरतो. प्रत्यक्ष ग्रंथ या सारांशाला जुमानीत नाही.

प्रथम घटनाक्रम. नारायण वामन टिळक यांना १८९३ साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने नव्या कराराची प्रत दिली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई त्या वेळी त्यांच्याजवळ नव्हत्या. त्यांचे वय सव्वीस, पदरी लहान दत्तू, आणि आश्रय नातलगांचा. यानंतरचा काळ नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणी गेला. पुढे त्या अहमदनगरास पतीकडे आल्या, पण आपले सोवळे आणि आपली चूल राखून आल्या. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० सालचा. टिळक १९१९ साली वारले. चिरंजीव देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते, त्यासाठी आईने आठवणी लिहून द्याव्यात असे ठरले. चरित्राची ही सामग्री १९३४ पासून भागाभागाने स्वतंत्र ग्रंथ म्हणून प्रसिद्ध झाली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले, तेव्हा शेवटचा भाग पुरा व्हावयाचा होता. पतीच्या चरित्राची टिपणे पत्नीचे आत्मचरित्र होऊन बसली, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानी ठेवण्यासारखी आहे.

आता शब्दांकडे वळावे. संस्कृतातील 'क्षमा' हा शब्द 'क्षम्' या धातूपासून आला असून त्या धातूचा मूळ अर्थ सहन करणे हा आहे. पृथ्वीला 'क्षमा' म्हणतात ते तिने सर्वांचा भार वाहिला म्हणून. ज्याला क्षमा करावयाची त्याचे ओझे वाहत राहणे, असा या शब्दाचा कल आहे. 'सोशिक' हे विशेषण त्याच कुळातले. नव्या करारातील कल्पना निराळ्या जातीची आहे. तेथे क्षमेसाठी मुख्यतः वापरलेले ग्रीक क्रियापद 'अफिएमी', म्हणजे सोडणे, जाऊ देणे. प्रभूच्या प्रार्थनेत पापाला ऋणाची उपमा आहे आणि ऋण सोडण्याची भाषा आहे. मराठी बायबलनेही तेथे 'सोडणे' हेच क्रियापद घेतले आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील दृष्टान्तात राजा दासाला दहा हजार तालांतांचे कर्ज सोडतो, तेथेही हेच. लूकच्या चौथ्या अध्यायात बंदिवानांच्या सुटकेची घोषणा आहे. तेथील 'अफेसिस' हे याच क्रियापदापासून झालेले नाम इतरत्र पापक्षमेसाठी येते. सुटका आणि क्षमा यांना मूळ भाषेत एकच नाव आहे.

परंतु याच क्रियापदाला दुसरी, अधिक बोचरी बाजू आहे. मार्कच्या पहिल्या अध्यायात याकोब आणि योहान आपल्या बापाला तारवात सोडून येशूच्या मागे जातात, तेथेही 'अफिएमी'. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल सांगतो की विश्वास ठेवणाऱ्या पुरुषाची पत्नी विश्वास न ठेवणारी असली आणि ती त्याच्याजवळ नांदावयास राजी असली तर त्याने तिला सोडू नये, तेथेही 'अफिएमी'. टाकणे आणि माफ करणे या दोन्ही क्रिया ग्रीक भाषा एका शब्दाने दाखविते आणि मराठीही तेच करते. घर सोडले, बायको सोडली, जात सोडली. आणि कर्ज सोडले, राग सोडला, 'जाऊ दे, सोड.' शिवाय मराठीत या क्रियापदाला 'सुटणे' हा अकर्मक जोडीदार आहे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे यांसारखा. 'सोसणे' या क्रियापदाला असा जोडीदार नाही. जो सोसतो तो सोसतच राहतो. जो सोडतो त्याच्या हातूनही काही सुटते आणि कित्येकदा तोच सुटतो.

धर्मांतराच्या आत्मकथनांची एक दीर्घ परंपरा आहे आणि तिच्यात लेखणी बहुतेक सोडून जाणाऱ्याच्या हाती असते. ऑगस्टीन आपल्या 'कबुलीजबाबां'त सांगतो की कार्थेजहून रोमला निघताना त्याने आई मोनिका हिला फसविले. ती रात्रभर देवळात प्रार्थना करीत राहिली आणि हा गलबतात बसून गेला. वर्षानुवर्षे त्याच्याजवळ राहिलेली, त्याच्या मुलाची आई असलेली स्त्री पुढे आफ्रिकेस परत गेली. तिचे नाव ग्रंथात नाही. तिला काय वाटले हे कोणासही कळावयाचे नाही. मराठीत १८५४ साली बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' याच परंपरेतले. तेही घर सुटण्याचे दुःख प्रामाणिकपणे सांगते. पण सांगतो तो घर सोडणारा. 'स्मृतिचित्रे'त हा क्रम उलटला आहे. येथे जी मागे राहिली तीच बोलते आहे, आणि जो गेला तो आता उत्तर द्यावयास हयात नाही. हिशेब चुकता करण्यास याहून सोयीची जागा कोणती?

हा हिशेब होत नाही, याचे श्रेय नेहमी विनोदाला दिले जाते. विनोदाने दुःख सौम्य केले, असे म्हणतात. पण विनोद कोठे आहे आणि कोठे नाही, हे पाहिले पाहिजे. घरच्या जिनसांसाठी पैसे घेऊन बाहेर पडलेले टिळक शोभेची दौत घेऊन परत येतात, यासारख्या प्रसंगी विनोद भरपूर आहे. हातातला पैसा दुसऱ्याला देऊन टाकणे, रागाच्या भरात घर सोडून जाणे, तितक्याच तातडीने परत येणे, या सगळ्याचे वर्णन हसविते. मात्र हसण्यात दोष झाकला जात नाही. पैसे गेले आणि चुलीपुढे अडचण झाली, हे वाचकाला स्वच्छ कळते. किंबहुना टिळक ही व्यक्ती या ग्रंथात जितकी सदोष दिसते तितकी भक्तांनी लिहिलेल्या कोणत्याही चरित्रात दिसणार नाही. लक्ष्मीबाई त्यांना 'टिळक' असे म्हणतात. पतीचे नाव न घेण्याच्या पिढीतील स्त्रीने निवडलेले हे आडनाव आदर राखते आणि अंतरही राखते. समोर ठेवून पाहता येईल इतक्या अंतरावर तो मनुष्य उभा केलेला आहे.

१८९५ च्या प्रकरणात मात्र विनोद जवळजवळ थांबतो. बातमी, लोकांचे बोलणे, मुलाची काळजी, वेड लागण्याच्या सीमेवर गेलेले मन, हे सारे लक्ष्मीबाई आडपडदा न ठेवता सांगतात. विवाहानंतर ज्यांना अक्षरओळख झाली त्या बाईंच्या कवितेचा उगम याच काळात आहे. हे दुःख पुढे ख्रिस्ती झाल्यावर 'देवाची योजना' म्हणून गोड करून घेण्याचा मोह साहजिक होता. धर्मांतरितांच्या लेखनात तो वारंवार आढळतो. लक्ष्मीबाईंनी तो बहुतांशी टाळला आहे. दैवाला बोल लावून कर्त्याला मोकळे करण्याची जुनी वाटही त्यांनी क्वचितच धरली. जे झाले ते टिळकांनी केले. त्यांना तसे केल्यावाचून राहवेना हेही खरे, आणि त्याने आपला संसार उद्ध्वस्त झाला हेही खरे. ऋण सोडावयाचे तर प्रथम ते ऋण होते हे मान्य करावे लागते. दृष्टान्तातील राजाही आधी हिशेब मांडतो आणि मगच रक्कम सोडतो. लक्ष्मीबाईंनी हिशेब मांडला आहे, पूर्ण मांडला आहे. वसुली केलेली नाही.

यावर एक आक्षेप येऊ शकतो आणि तो हलका नाही. जिला दुसरा आधार नाही तिच्या क्षमेला किंमत कोणती? परावलंबी मनुष्याची क्षमा म्हणजे निरुपायाला दिलेले सभ्य नाव, असे कोणी म्हणेल. आणि अनेक संसारांत ते तसे असतेही. ख्रिस्ती उपदेशाच्या नावाखाली दुखावलेल्या स्त्रीलाच क्षमेचा आग्रह करावा आणि दुखावणाऱ्याला काही विचारू नये, हा प्रकार कोणत्याही देशातील चर्चला अपरिचित नाही. म्हणून लक्ष्मीबाईंच्या बाबतीत क्रम पाहणे महत्त्वाचे ठरते. आश्रय त्यांना होता. बहीण, मेहुणे, माहेरची माणसे होती. त्या मंडळींचा, समाजाचा, रूढीचा सारा जोर पतीकडे न जाण्याच्या बाजूने होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाशी धर्मांतरामुळे जोडीदार नांदत नसेल तर त्या माणसाला विवाहविच्छेद मागता येईल, असा कायदा १८६६ पासून अमलात होता. टिळकांनी ती वाट धरली नाही. पौलाच्या अर्थाने त्यांनी पत्नीला 'सोडले' नाही. पण त्यांनी वाट पाहिली म्हणून लक्ष्मीबाईंना जाणे भाग होते असेही नाही. त्या गेल्या त्या आपल्या अटींवर. एका नवराबायकोच्या दोन चुली, एकीत बाटलेल्याचा स्वयंपाक आणि दुसरीत सोवळ्यातला : ही व्यवस्था आज विक्षिप्त वाटली तरी क्षमेच्या दृष्टीने तिचा अर्थ मोठा आहे. माणूस परत स्वीकारला, मत स्वीकारले नाही. समेट झाला, शरणागती झाली नाही.

यानंतर जे घडले त्याला ग्रंथात मोठी जागा आहे. प्रथम गेला तो जातिभेद, बाप्तिस्मा त्यानंतरचा. माणसामाणसांतील उच्चनीचता देवाने केलेली नाही, हे त्यांना आपल्याच विचाराने पटले आणि पटताच त्यांनी ते आचरणात आणले. हा निर्णय टिळकांच्या समजुतीसाठी नव्हता. त्याची मुळे टिळक आयुष्यात येण्याच्या आधीची आहेत आणि ती पाहिल्यावाचून या ग्रंथातील कौटुंबिक दुःखाचे पूर्ण आकलन होत नाही.

ही मुळे जलालपूरच्या घरात आहेत. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली आणि त्या आघातानंतर त्यांच्या स्वतःच्या वडिलांच्या सोवळ्याने वेडाचे रूप घेतले. घरात आलेली प्रत्येक जिन्नस धुऊन घ्यावयाची, मिठाचीही त्यातून सुटका नाही. बायकामुलांनी भीत भीत वावरावयाचे. हा छळच होता आणि लक्ष्मीबाई तो छळ म्हणूनच सांगतात. परंतु त्याच्या आरंभी फाशीचा प्रसंग ठेवतात. वडिलांना निर्दोष ठरविण्यासाठी नव्हे, तर वेडाला कारण असते हे कळावे म्हणून. मुलीला जे दुखले त्याच्या मागे बापालाही काही दुखले होते. आता ध्यानात येते की नगरास पतीपासून जपलेले सोवळे हे या बापाचेच देणे होते. ज्या गोष्टीने बालपण जाचले तीच गोष्ट प्रौढपणी स्वाभिमानाचे शस्त्र झाली. दुखावलेल्या घरांतून असे पुष्कळदा होते. मराठीत 'सोवळे सोडणे' हा प्रयोग रोजच्या वापरातला, पूजास्वयंपाक आटोपल्यावर वस्त्र बदलण्याइतका साधा. लक्ष्मीबाईंनी सोवळे कायमचे सोडले तेव्हा वडिलांविषयीची कटुता आणि पतीविरुद्धचे शस्त्र या दोन्ही गोष्टी एकदम खाली ठेवल्या गेल्या. ग्रंथात हे असे सूत्ररूपाने कोठेही म्हटलेले नाही. प्रसंगांच्या रचनेतून ते दिसते. यानंतरच्या भागात ग्रंथाचे क्षेत्र एकदम विस्तारते : दुष्काळातली मुले, प्लेगचे रोगी, घरी राहावयास आलेले तरुण बालकवी. जी बाई काल स्वतःच्या भांड्यांना परक्याचा हात लागू देत नव्हती तिच्या घरात आता कोणाचेही ताट मांडले जाते. वेळ, हात, जेवण, झोप या सर्व बाबतींत ती मोकळी झाली आहे. मुक्ती या शब्दाचा इतका घरगुती अर्थ मराठी गद्यात फारसा सापडत नाही.

ग्रंथाच्या इंग्रजी भाषांतरांची नावे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. जोसेफिन इंक्स्टर यांच्या १९५० च्या भाषांतराचे नाव 'आय फॉलो आफ्टर'. वरवर पाहता ते पतीच्या मागोमाग जाणाऱ्या पत्नीचे नाव वाटते आणि सोशिकपणाच्या वाचनाला बळ देते. मात्र हेच शब्द पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात येतात आणि तेथे धाव ख्रिस्ताच्या दिशेने आहे, कोणा मनुष्याच्या मागे नाही. शांता गोखले यांच्या २०१७ च्या भाषांतराने मराठी नाव तसेच ठेवून उपशीर्षकात लक्ष्मीबाईंना तेजस्वी पत्नी म्हटले आहे. तेज आले, पत्नीपद मात्र राहिले. अडचण भाषांतरकर्त्यांची नाही. इंग्रजीत टाकून जाण्याला एक क्रियापद आहे आणि माफ करण्याला दुसरे, आणि त्या दुसऱ्यात 'देणे' दडलेले आहे. 'सोडणे' या एकाच शब्दात टिळकांनी १८९५ साली जे केले तेही बसते आणि लक्ष्मीबाईंनी पुढे जे केले तेही. इंग्रजीत त्याचे दोन तुकडे करावे लागतात.