आठ बिटांचे खेळयंत्र : मर्यादा, रूप आणि विस्मृत कर्तृत्व

विटीदांडू, सोंगट्या, भोंडला हे संस्कृतीच्या अभ्यासाचे विषय होत, याविषयी दुमत नाही. दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळल्या जाणाऱ्या खेळाकडे मात्र मराठी समीक्षेने बहुधा मुलांचे खूळ याच दृष्टीने पाहिले. १९९० नंतरच्या दोन दशकांत महाराष्ट्रातील शहरांत आणि पुढे महागाव तालुक्यातील फुलसावंगीसारख्या गावांपर्यंत ‘व्हिडिओ गेम’ या नावाने जे यंत्र पोहोचले, ते बहुतांशी जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली आणलेल्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’ची अनधिकृत प्रतिकृती होते. मूळ यंत्राचे उत्पादन २००३ साली थांबले. त्याचे आकर्षण मात्र ओसरले नाही. या आकर्षणाला केवळ स्मरणरंजन म्हणणे उथळपणाचे ठरेल.

मसायुकी उएमुरा यांनी रचलेल्या या यंत्राची कार्यकारी स्मृती अवघी २ किलोबाइट होती. पडद्यावरील चित्र आठ बाय आठ बिंदूंच्या ठोकळ्यांनी बनत असे आणि एका आडव्या रेषेवर आठांपेक्षा अधिक हलत्या आकृत्या दाखविता येत नसत. शत्रूंची गर्दी झाली की आकृत्या लुकलुकू लागत, त्याचे कारण हेच. खेळणारी मुले त्याला कॅसेटचा दोष समजत आणि कॅसेट काढून तिच्यावर फुंकर मारीत! १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा संपूर्ण खेळ ४० किलोबाइटांत सामावलेला आहे. त्यातील आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांचा आकार एकच आहे. फरक फक्त रंगाचा. साडेतीन चरणांत बांधलेल्या ओवीचे स्मरण येथे होते. बंधनातून रूप घडते, आणि ते रूप आजही जुने वाटत नाही.

आणखी एक बाब दुर्लक्षित राहिली आहे. जपानमध्ये पडद्यावर सेकंदाला सुमारे ६० चित्रे उमटत, तर भारतातील ‘पाल’ पद्धतीत ५०. फेरफार न केलेला खेळ येथे सुमारे एक षष्ठांशाने मंद चाले. ज्यांना मारिओची ‘अस्सल’ धून पाठ आहे, त्यांपैकी अनेकांनी वस्तुतः ती संथ लयीतच ऐकलेली असते. अस्सलतेची कल्पना किती स्थानिक असते, याचा याहून बोलका पुरावा शोधावा लागणार नाही. त्यात भारनियमनाची भर. बहुतेक कॅसेटींत खेळ जतन करण्याची सोय नव्हती. वीज गेली की पुन्हा पहिल्या पायरीपासून प्रारंभ. या पुनरावृत्तीतूनच हाताला सफाई आली. अर्थात तो हात बहुधा घरातल्या मुलाचा असे. बहिणीच्या वाट्याला दुसरा रिमोट, तोही पाळी आली तर.

प्रतिकृतीने खेळ स्वस्त केला, हे तिचे ऋण नाकारता येत नाही. परंतु लाखो खेळांचा दावा करणाऱ्या कॅसेटींत तेच मोजके खेळ वेगवेगळ्या नावांनी पुनःपुन्हा येत, आणि अनेकदा शीर्षकपटावरून निर्मात्याचे नावही पुसलेले असे. शिगेरू मियामोतो हे नाव ठाऊक नसताना त्यांची कृती तोंडपाठ असलेली एक पिढी येथे घडली. याला लोकसाहित्याच्या अनामिकतेची उपमा देण्याचा मोह होतो. ती योग्य नाही. लोकगीताचा कर्ता काळाच्या ओघात हरवतो, येथे तो व्यापारासाठी खोडला गेला.

जतनाचा प्रश्न तर याहून बिकट आहे. संगणकावर चालणाऱ्या अनुकरण-प्रणालीत खेळाचे नियम टिकतात. पण ‘डक हंट’मधील बंदूक चित्रनळीवाल्या संचाशी बांधलेली होती. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि बंदुकीतील प्रकाशसंवेदक तो टिपत असे. आजच्या सपाट पडद्यावर चित्र किंचित उशिरा उमटते, आणि बंदुकीला बदक दिसतच नाही. जुने संच भंगारात गेले, तसतसा हा खेळही, कॅसेट शाबूत असूनही, खेळता येईनासा झाला.