मिराजचा गोडवा कुणाचा?

एन्सोनिकचा मिराज, म्हणजे १९८५च्या सुमाराचा सॅम्पलिंग कीबोर्ड, हाती आला की लोक आधी पट्टी दाबतात. आवाज येत नाही! चालू करताना फ्लॉपी घातल्याशिवाय तो जागाच होत नाही. मग फ्लॉपीवरची तयार व्हायोलिनं वाजवून म्हणतात, ‘आठ बिटांचा काय गोडवा!’ माझा आक्षेप इथंच आहे. आठ बिटांची देणगी खरखर. गोडवा बराचसा त्यापुढच्या अॅनालॉग फिल्टरचा. फिल्टर पूर्ण उघडून ऐका, कळेल. आणि सुरुवात स्वतःचा आवाज भरून करा. कीबोर्डच्या अर्ध्या भागाला मेमरी ६४ केबी. सेकंदाला तीस हजार नमुने घेतले, तर जेमतेम दोन सेकंद. पियानोचा सूर विरायच्या आत जागा संपते. मग लूप कुठं लावायचा, हे तुमच्या कानानंच ठरवायचं, कारण समोर खिडकी असते दोनच अंकांची.