रक्तकर्करोगातील डीएनए मेथिलीकरण : कारण की परिणाम?

अर्बुदरोधक जनुकांवर मेथिल गट चढतात, ती जनुके मूक होतात व त्यातून रक्तकर्करोग उद्भवतो, असे प्रतिपादन चर्चासत्रांतील निबंधांत सर्रास आढळते. प्रस्तुत लेखकानेही वर्गात काही वर्षे हेच शिकविले. ते तपासून पाहणे अगत्याचे आहे.

तीव्र मायलॉइड ल्युकेमियात पी१५ जनुकाच्या प्रवर्तक भागाचे अतिमेथिलीकरण आढळते, हे निर्विवाद होय. परंतु टिमोथी ले यांच्या गटाने २०१० मध्ये याच रोगाच्या सुमारे २२ टक्के रुग्णांत डीएनएमटी३ए जनुकातील उत्परिवर्तने नोंदविली. हे जनुक मेथिल गट बसविणारे विकर घडविते. त्यातील नेहमीच्या आर८८२ उत्परिवर्तनाने विकराचे कार्य मंदावते. म्हणजे मेथिल बसविण्याची क्षमता घटलेल्या पेशींतही रोग होतोच! याच गटाच्या २०१७ च्या अभ्यासाने तर अतिमेथिलीकरण हा रोगवाढीचा परिणाम असल्याचा निष्कर्ष काढला.

यावर ॲझासायटिडिनचे यश पुढे केले जाते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अतिजोखमीच्या मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमच्या रुग्णांचा मध्यक जीवितकाल प्रचलित उपचारांनी १५, तर या औषधाने २४.५ महिने भरला. रुग्णाच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट. तथापि हे औषध आरएनएतही शिरते आणि पेशीमारकही ठरते. तेव्हा गुण आला म्हणून कार्यकारणभाव सिद्ध झाला, असे म्हणता येत नाही.

आयडीएच उत्परिवर्तनांची गोष्ट मात्र वेगळी. तेथे तयार होणाऱ्या २-हायड्रॉक्सीग्लुटरेटमुळे मेथिल काढण्यास साहाय्य करणारे टीईटी२ विकर बाधित होते. तेवढ्यापुरते जुने प्रतिपादन अधिक टिकते.