‘थूपारह’ कोण? : लंडनच्या निळ्या स्मृतिफलकांविषयी

महापरिनिब्बानसुत्तात स्तूपास पात्र अशा चार व्यक्ती सांगितल्या आहेत : तथागत, प्रत्येकबुद्ध, तथागतांचा श्रावक आणि चक्रवर्ती राजा. त्यांना ‘थूपारह’ ही संज्ञा आहे. ही पात्रता कशाने येते, याचेही उत्तर तेथेच मिळते. स्तूप पाहून बहुतांचे चित्त प्रसन्न होते, म्हणून. अर्थात स्मारकाचे प्रयोजन मृताच्या कीर्तीत नसून पाहणाऱ्याच्या चित्तात आहे. हीच कसोटी आम्ही लंडनच्या घरांवरील निळ्या स्मृतिफलकांना लावू इच्छितो.

या योजनेचा आरंभ १८६६ साली सोसायटी ऑफ आर्ट्सने केला. पुढच्याच वर्षी कवी बायरन यांच्या जन्मस्थानी पहिला फलक लागला. ते घर १८८९ साली पाडले गेले. १९८६ पासून इंग्लिश हेरिटेज ही संस्था योजना चालविते. व्यक्तीच्या निधनास किमान वीस वर्षे झालेली असावीत आणि तिच्याशी संबंधित वास्तू उभी असावी, असे तिचे दंडक आहेत. पहिला दंडक विवेकाचा आहे. तात्कालिक स्तुतीस त्याने आवर बसतो. दुसरा मात्र निरुपद्रवी दिसला तरी पक्षपाती ठरतो. धनिकांची घरे टिकतात, श्रमिकांच्या वस्त्या पाडल्या जातात, आणि भाड्याच्या खोल्या बदलणाऱ्याचा पत्ता सहसा कोणी जपून ठेवीत नाही. स्त्रियांचे फलक अल्प असल्याचे तर संस्थेनेच मान्य केले आहे.

या पार्श्वभूमीवर २०२२ साली हॅकनी भागातील किंग एडवर्ड्स रोडवर लागलेला फलक आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. तो ‘आयाज् होम’चा आहे. साहेबांच्या मुलांना सांभाळीत हिंदुस्थान व अन्य आशियाई देशांतून बोटीने आलेल्या आयांपैकी कित्येकींना परतीच्या भाड्यावाचून लंडनमध्येच सोडून दिले जाई. त्यांना येथे आसरा मिळे. त्या फलकावर एकाही आयेचे नाव नाही. तरीही, किंबहुना त्यामुळेच, पाहणाऱ्याचे चित्त हलते. पालीत ज्याला ‘संवेग’ म्हणतात तो हाच.

तथापि नाव, काळ आणि व्यवसाय सांगून थांबणे ही अशा फलकांची रीत आहे, आणि तीच त्यांची मर्यादा होय. लुंबिनीचा अशोकस्तंभ आठवावा. शाक्यमुनी बुद्ध येथे जन्मले एवढे नोंदवून तो लेख संपत नाही. लुंबिनी गावाचा ‘बलि’ हा कर माफ केला आणि उत्पन्नाचा राजभाग अष्टमांशावर आणला, हेही तो सांगतो. भूतकाळाचे स्मरण करताना सम्राटाला तेथे नांदणाऱ्यांचा विसर पडला नाही.

किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर आपल्या अधिक जवळचे आहे. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे भाडेकरू विद्यार्थी म्हणून राहिले. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले आणि तेथे स्मारक झाले. या घराचे महत्त्व त्याच्या किमतीत नाही. एका भाडेकरूने तेथे राहून केलेल्या अध्ययनात ते आहे. दाराशी छायाचित्र काढून परतणाऱ्याने घर पाहिले असे म्हणता येईल, स्मारक पाहिले असे नव्हे. तेथून परतून ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा बाबासाहेबांचा १९२३ सालचा ग्रंथ जो उघडील, आणि आपल्या गावातील एखाद्या विद्यार्थ्याच्या खोलीभाड्याची चिंता जो वाहील, त्याच्यापुरते ते घर ‘थूपारह’ ठरले, असे आम्ही म्हणू.